खाते कोणाचे, मालकी कोणाची? अमेरिकेतल्या लॅटिनो पतपेढ्या आणि आपण

अमेरिकेत स्थलांतरितांविरुद्ध जे चालले आहे त्याच्या बातम्या आपले तरुण रोज मोबाईलवर पाहतात. धाडी, हातकड्या, विमानात बसवून परत पाठवणे. आपल्या गटांमध्ये त्यावर दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणते, हे लोक कागदांशिवाय गेलेच कशाला? दुसरी म्हणते, ट्रम्प हुकूमशहा आहे. दोन ओळींत विषय संपतो. या लोकांनी तिथे राहून गेल्या पंचवीस वर्षांत काय उभे केले, हे कोणी विचारत नाही. त्यातली एकच गोष्ट मी इथे मांडणार आहे : त्यांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सहकारी पतपेढ्यांनी साधे बचत खाते आपल्या गरजेप्रमाणे कसे बदलून घेतले.

विषय रुक्ष वाटेल. पण जो समाज आजही सावकार, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता आणि मुकादमाची उचल यांत अडकलेला आहे, त्याला खात्याचा विषय रुक्ष वाटणे परवडत नाही. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिला. पैसा आणि चलन हा आपला विषय नाही, असे म्हणण्याची सोय त्यांनी आपल्याला ठेवलेली नाही.

क्रेडिट युनियन म्हणजे पतपेढीच

अमेरिकेत बँक वेगळी आणि क्रेडिट युनियन वेगळी. बँक भागधारकांच्या नफ्यासाठी चालते. क्रेडिट युनियन ही सभासदांची सहकारी संस्था. खाते उघडताना आधी पाच किंवा पंचवीस डॉलरचा शेअर घ्यायचा. तो घेतला की तुम्ही नुसते ग्राहक राहत नाही, मालकांपैकी एक होता. शिल्लक पाच डॉलर असो की पन्नास हजार, मत एकच. उरलेला नफा ठेवीवरचे थोडे जास्त आणि कर्जावरचे थोडे कमी व्याज या रूपाने सभासदांकडेच परततो. १९३४ च्या संघीय कायद्याने या संस्था देशभर काढता येऊ लागल्या. आज त्यांतल्या ठेवींना प्रत्येक सभासदामागे अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विम्याचे संरक्षण आहे.

या चळवळीची मुळे कुठे आहेत ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतली पहिली क्रेडिट युनियन १९०८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावात सुरू झाली. तिचे सभासद होते कॅनडातून आलेले, फ्रेंच बोलणारे गिरणी कामगार. म्हणजे स्थलांतरितच. तिच्या स्थापनेला मदत केली ती क्विबेकच्या आल्फोन्स देजार्दँ यांनी. दुसरे नाव बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन यांचे. १९०७ मध्ये जगप्रवासात ते भारतात आले आणि १९०४ च्या कायद्याखाली निघालेल्या इथल्या सहकारी पतसंस्था त्यांनी खेड्यांत जाऊन पाहिल्या. परत गेल्यावर ते क्रेडिट युनियनचे सर्वांत मोठे प्रचारक झाले. मॅसॅच्युसेट्सचा १९०९ चा कायदा घडण्यात त्यांचा वाटा होता. ज्या कल्पनेने तिथल्या गिरणी कामगाराला सावकारापासून सोडवले, तिचा एक धागा आपल्याच मातीतून गेलेला आहे. त्याच मातीत सहकाराचे काय झाले, ते पुढे पाहू.

बँकेच्या दारात काय अडते

अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाच्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या ४.२ टक्के कुटुंबांकडे कोणतेही बँक किंवा क्रेडिट युनियन खाते नव्हते. गोऱ्या कुटुंबांत हे प्रमाण १.९ टक्के होते, हिस्पॅनिक कुटुंबांत ९.५ आणि काळ्या कुटुंबांत १०.६. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात खाते नसणे ही व्यक्तीची आळशी सवय असती, तर ती वंशाप्रमाणे अशी वाटली गेली नसती.

खाते नसण्याची किंमत रोज मोजावी लागते. पगाराचा चेक वटवायला चेक वटवणाऱ्या दुकानाला कमिशन. घरभाडे भरायला मनीऑर्डर विकत घ्यायची. गावी पैसे पाठवायला पुन्हा वेगळा आकार. मध्येच मूल आजारी पडले तर 'पेडे लोन'. शंभर डॉलरवर दोन आठवड्यांचे पंधरा डॉलर हा त्याचा नेहमीचा भाव. वर्षाचा हिशेब केला तर हे ३९० टक्क्यांच्या वर जाते. गरिबाला गरिबी महाग पडते हे आपल्या वस्तीतही दिसते. तिथे फक्त पाट्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये आहेत.

किंमत पैशापुरतीही राहत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांना लुटण्याचे सत्र सुरू झाले. हे लोक खिशात रोकड बाळगतात आणि पोलिसांकडे जायला घाबरतात, हे लुटारूंना ठाऊक होते. त्यांना चालते-फिरते एटीएम म्हटले जाई. घरांत घुसून मारहाण झाली, जीवही गेले. 'एल सेंट्रो हिस्पानो' या तिथल्या संघटनेने यावर पोलिसांकडे केवळ निवेदन दिले नाही. सेल्फ-हेल्प आणि राज्य कर्मचाऱ्यांची क्रेडिट युनियन या संस्थांची मदत घेऊन २००० साली त्यांनी स्वतःचीच पतपेढी उघडली : लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन. या संस्थेच्या आज त्या राज्यात अनेक शाखा आहेत. चोरीच्या प्रश्नाला त्यांनी संस्थेने उत्तर दिले. आपल्या कार्यकर्त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे असे मला वाटते.

मग प्रश्न येतो, ते आधीच बँकेत का गेले नाहीत? 'अडाणी आहेत, बँकेवर विश्वास नाही' हे ठरलेले उत्तर. विश्वास का नाही, हे विचारायचे नाही. १९४२ मध्ये सुरू झालेल्या 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकोचे मजूर अमेरिकेच्या शेतांवर नेले गेले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापून बँकांमार्फत मेक्सिकोला पाठवली गेली. अनेकांच्या हातात ती कधी पडलीच नाही. म्हातारपणी त्यांनी त्यासाठी मोर्चे काढले, खटले लढवले. १९८२ मध्ये मेक्सिकोत बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लोकांच्या डॉलरमधल्या ठेवी बाजारापेक्षा कमी दराने पेसोत बदलल्या गेल्या. अर्जेंटिनात २००१ च्या अखेरीस सरकारने खात्यांतून पैसे काढण्यावरच कडक मर्यादा आणली. या अनुभवानंतर गादीखाली पैसे ठेवणारा माणूस अडाणी नसतो. तो इतिहास लक्षात ठेवणारा असतो.

बदलले काय?

'हिस्पॅनिक सभासदांसाठी खाते' म्हटले की पुष्कळ संस्था माहितीपत्रक स्पॅनिशमध्ये छापतात, भिंतीवर रंगीत पोस्टर लावतात आणि थांबतात. ज्या क्रेडिट युनियननी खरे काम केले त्यांनी खात्याची रचना बदलली. ते टप्प्याने पाहू.

पहिला प्रश्न ओळखीचा. सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणजे खाते नाही, असा सार्वत्रिक समज होता. कायदा तसे म्हणत नाही. २००१ च्या पॅट्रियट कायद्याखाली अर्थखात्याने मे २००३ मध्ये जे नियम केले, त्यांत नागरिक नसलेल्यांसाठी पासपोर्ट किंवा परदेशी सरकारने दिलेले फोटोसह ओळखपत्र चालते. मेक्सिकोचे वकील कार्यालय आपल्या लोकांना 'मात्रिकुला कॉन्सुलार' नावाचे ओळखपत्र देते. ही पद्धत १८७१ पासूनची आहे. ते स्वीकारायचे की नाही हे नियमाने संस्थेवर सोडले. विरोधकांनी ओरड केली, सरकारने पुन्हा मते मागवली आणि सप्टेंबर २००३ मध्ये नियम होता तसाच ठेवला. तेव्हापासून 'आम्हाला परवानगी नाही' हे कारण उरलेले नाही. 'आमची इच्छा नाही' एवढेच खरे उत्तर उरते.

दुसरा प्रश्न कर्जाचा. ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेच्या करखात्याने १९९६ पासून 'आयटिन' नावाचा नऊ आकडी करदाता क्रमांक सुरू केला. हा क्रमांक कर भरण्यासाठी. तो नोकरीचा किंवा राहण्याचा परवाना नव्हे. काही क्रेडिट युनियननी याच क्रमांकावर गाडीसाठी आणि पुढे घरासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. 'क्रेडिट स्कोअर' नसलेल्या माणसाची परतफेडीची सवय त्यांनी घरभाड्याच्या पावत्या, विजेची बिले आणि कामाची सलगता यांवरून पारखली. ज्याच्याजवळ कर्जाचा इतिहास नाही त्याला कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून इतिहास नाही, हा फेरा तिथे तुटला.

तिसरा प्रश्न नावाचा. स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे, मग आईचे. समजा एखादीचे नाव मारिया गार्सिया लोपेझ आहे. अमेरिकी संगणक गार्सियाला मधले नाव करतो आणि लोपेझ एवढेच आडनाव धरतो. पुढच्या वेळी दुसरा कारकून उलटे लिहितो. एका बाईची दोन माणसे होतात, हप्ते एकीच्या नावावर आणि थकबाकी दुसरीच्या नावावर. ज्या संस्थांनी कर्मचाऱ्यांना हे शिकवले आणि अर्जात दोन आडनावांची जागा केली, त्यांनी माहितीपत्रकापेक्षा जास्त काम केले. आपल्या वस्तीत बचत गटाचे काम करताना मी हेच पाहते. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, शाळेच्या दाखल्यावर बदलण्यापूर्वीचे जुने आडनाव. एका बँकेच्या शाखेने आमच्या गटातल्या बायांचे अर्ज एवढ्यासाठी तीनदा परत पाठवले. नियम काय, हे तोंडी सांगितले. लेखी मागितल्यावर चौथ्यांदा अर्ज घेतले.

चौथा प्रश्न गावी पाठवायच्या पैशांचा. २०२३ मध्ये मेक्सिकोत बाहेरून आलेली रक्कम ६० अब्ज डॉलरच्या वर होती. हा पैसा म्हाताऱ्या आईबापांच्या औषधांचा आणि पोरांच्या फीचा. जो माणूस दर पंधरवड्याला पैसे पाठवतो त्याला बचत खात्याआधी हीच सेवा लागते, म्हणून क्रेडिट युनियननी ती खात्याला जोडली. पाठवणाऱ्याला आकार आणि विनिमय दर आधीच कळला पाहिजे, हा संघीय नियम ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाला. आता यात आणखी एक भर पडली आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून रोख रकमेने किंवा मनीऑर्डरने परदेशी पाठवलेल्या पैशांवर एक टक्का कर लागतो. अमेरिकी बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट कार्डावरून पाठवले तर लागत नाही. म्हणजे ज्याच्याजवळ खाते नाही त्याच्यावरच हा कर. खाते नसलेल्यांना दंड करायचा आणि खाते उघडायला आले तर कागद मागायचे, ही पद्धत आपल्याला नवी नाही.

पाचवा प्रश्न लहान कर्जाचा. पेडे लोनला पर्याय म्हणून क्रेडिट युनियनच्या राष्ट्रीय नियामकाने २०१० पासून लहान कर्जाची एक योजना आणली : व्याजाची कमाल मर्यादा २८ टक्के आणि अर्जाचा आकार वीस डॉलरपेक्षा जास्त नाही. २८ टक्के आपल्याला जास्त वाटतील. ३९० च्या शेजारी ठेवून पाहा.

आणि सहावी गोष्ट सगळ्यांत मोलाची. मेक्सिकोत 'तांदा' चालते. दहा जणी दर महिन्याला सारखी रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकीला सगळी मिळते. ही आपली भिशीच. बँकेच्या लेखी हा अनौपचारिक, म्हणजे नसलेला व्यवहार. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'मिशन अॅसेट फंड' या संस्थेने २००८ च्या सुमारास या तांदाला लेखी रूप दिले. बिनव्याजी कर्जाचे मंडळ करायचे आणि प्रत्येकीने वेळेवर भरलेला हप्ता क्रेडिट स्कोअर ठरवणाऱ्या कंपन्यांना कळवायचा. ज्या सचोटीची नोंद शेजारणींच्या डोक्यात होती ती कागदावर आली. बायांना नवी सवय लावावी लागली नाही. त्यांची जुनी सवय मोजायला संस्था शिकली.

आक्षेप

पहिला आक्षेप कायद्याचा. बेकायदा आलेल्यांना खाते कशाला? वर पाहिलेच की खाते देणे कायद्यात बसते. शिवाय हे लोक कर भरतात. 'इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी' या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे कागद नसलेल्या स्थलांतरितांनी २०२२ मध्ये सुमारे ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. कर घेताना चालणारा माणूस खाते देताना बेकायदा होतो, यात कायद्यापेक्षा सोय जास्त आहे. गावाची सगळी घाण कामे करणारा माणूस पाणवठ्यावर मात्र चालत नव्हता, हे ज्यांच्या आजोबांनी भोगले त्यांनी तरी हा आक्षेप जपून उच्चारावा.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो. हे सगळे भांडवलशाहीचे मलम आहे, गरिबाला बाजारात ओढायचे आणि कर्जबाजारी करायचे. यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या अनेक क्रेडिट युनियनचे जुने सभासद म्हातारे होत आहेत आणि तरुण हिस्पॅनिक लोकसंख्या त्यांना नवी बाजारपेठ म्हणून दिसते. 'हिस्पॅनिक मार्केट' हा शब्द त्यांच्या अहवालांत उघड असतो. मायक्रोफायनान्सने आपल्या बायांचे काय केले ते मी रोज पाहते, म्हणून हा आक्षेप मी उडवून लावणार नाही.

पण बाजारपेठ आणि सभासद यांत फरक आहे, आणि तो मताचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण एक माणूस एक मत मान्य करतो आहोत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता कायम ठेवतो आहोत. या लॅटिनो मजुराची स्थिती त्याच्या उलट आहे. राजकारणात त्याला मतच नाही. अध्यक्ष, सिनेटर, शेरीफ, कोणालाही तो निवडू शकत नाही. पण क्रेडिट युनियनचा शेअर घेतला की वार्षिक सभेत त्याचे मत पन्नास हजार डॉलर ठेवणाऱ्या गोऱ्या सभासदाइतकेच. त्या देशात कदाचित हे त्याचे एकमेव मत आहे. म्हणून क्रेडिट युनियनने स्थलांतरितांसाठी काय केले याची कसोटी किती खाती उघडली ही नसावी. वार्षिक सभेची सूचना स्पॅनिशमध्ये गेली का, संचालक मंडळावर त्यांच्यातले किती, कर्ज समितीत कोण बसते, हे विचारले पाहिजे. बहुतेक संस्थांत निवडणूक बिनविरोध होते आणि सभेला मूठभर लोक येतात. मत कागदावर राहिले तर दुसऱ्या आक्षेपकाचे म्हणणे खरे ठरेल.

मताला संघटनेची जोड मिळाली की काय होते याचेही उदाहरण आहे. सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानो इथे शेतमजुरांची संघटना काढली. द्राक्षमळ्यांचा गाजलेला संप १९६५ चा. पण त्याच्या दोन वर्षे आधी या संघटनेने मजुरांची क्रेडिट युनियन सुरू केली होती. तिच्यासाठी चावेझ यांचे भाऊ रिचर्ड यांनी स्वतःचे घर गहाण टाकले आणि हिशेब हेलन चावेझ यांनी सांभाळले. संपाच्या आधी पतपेढी, हा क्रम लक्षात घ्या. मालकाकडून उचल घेतलेला मजूर मालकाविरुद्ध उभा राहू शकत नाही. ऊसतोड कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

'हिस्पॅनिक' या शब्दाखाली कोण दबले आहे

इथे मला लॅटिनो नेतृत्वालाही एक प्रश्न विचारायचा आहे. 'हिस्पॅनिक' हा शब्द अमेरिकी जनगणनेने १९७० च्या दशकात रूढ केला. २०२० च्या जनगणनेत या रकान्यात सहा कोटी २१ लाख लोक आहेत. पण त्यात मियामीचा गोरा क्युबन उद्योगपती आहे आणि ओआहाका प्रांतातला मिश्टेक मजूरही आहे. स्पेनच्या राजवटीत मेक्सिकोत 'कास्ता' नावाची उतरंड होती : वर स्पॅनिश, खाली मूळनिवासी आणि आफ्रिकी, मध्ये मिश्र रक्ताचे थर. ती कायद्यातून गेली, डोक्यातून गेली नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतांत आज मिश्टेक, झापोटेक, ग्वाटेमालातले माम बोलणारे मजूर आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना स्पॅनिश नीट येत नाही. त्यांच्यासाठी 'स्पॅनिशमध्ये सेवा' ही पुन्हा वरच्या थराच्याच भाषेतली सेवा असते. काउंटरवर बसलेला मेक्सिकन कारकून त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहतो ज्या नजरेने गावी पाहत होता.

श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. 'बहुजन' म्हणताना त्यात सर्वांत खालचा कुठे आहे हे जसे आपण विचारतो, तसे 'हिस्पॅनिक खाते' म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे : माम बोलणाऱ्या बाईला हे खाते उघडता येते का? येत नसेल तर काम अर्धेच झाले आहे.

नोंद हीच बेडी होऊ शकते

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या करखात्याने गृहसुरक्षा खात्याशी करार केला आणि स्थलांतरितांचे पत्ते पकडणाऱ्या यंत्रणेला देण्याची वाट उघडली. त्यावर न्यायालयात लढाई झाली. पण भीती पसरायची ती पसरली. ज्यांनी प्रामाणिकपणे आयटिन घेऊन कर भरला त्यांचाच पत्ता सरकारकडे होता. 'नोंद करा, मुख्य प्रवाहात या' असे सांगणाऱ्या सर्वांनी याचा विचार केला पाहिजे. आयटिनवर खाते देणाऱ्या संस्थेची जबाबदारी इथे वाढते. कायद्याला लागते तेवढीच माहिती घ्यावी, इमिग्रेशनचा दर्जा विचारूच नये, माहिती कोणाला केव्हा दिली जाऊ शकते हे सभासदाला त्याच्या भाषेत आधी सांगावे, आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय कोणी आले तर काय करायचे हे काउंटरवरच्या मुलीलाही ठाऊक असावे. विश्वास हीच या संस्थांची ठेव आहे. ती एकदा बुडाली की डॉलरचा विमा तिला वाचवू शकत नाही.

आता आपल्याकडे पाहू

महाराष्ट्र सहकाराचा अभिमान सांगतो. पण गावची पतसंस्था कोणाच्या वाड्यातून चालते, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याचे कलम २३ सांगते की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते. संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमाती मिळून एक जागा राखीव आहे. त्या जागेवर बहुतेक ठिकाणी सही करणारा माणूस बसवला जातो. ठेवींचे संरक्षण म्हणाल तर बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ती बुडाली की आपल्या बाईची भांडी घासून साठवलेली रक्कम बुडते.

आणि सरकारने गरिबाला काय दिले? रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कागद नसलेल्यांसाठी 'लहान खाते' आहे. फोटो आणि सही किंवा अंगठा यांवर ते उघडता येते. पण त्यात शिल्लक पन्नास हजारांपर्यंत, महिन्याला काढायचे दहा हजार, वर्षभरात जमा एक लाख. माणूस खात्यात आला, पण उंबरठ्याच्या आत बसवला नाही. जनधन खात्यांचे आकडे सरकार अभिमानाने सांगते. त्यातल्या किती खात्यांवर कर्ज मिळाले, हे विचारले की सभा संपते.

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी येत्या वर्षात तीन कामे हाती घ्यावीत. एक, गावच्या पतसंस्थेत आपल्या पाच-पन्नास लोकांनी कलम २३ खाली सभासदत्वाचे लेखी अर्ज करावेत, नकार लेखी घ्यावा आणि निबंधकाकडे जावे. मोर्चापेक्षा हे कंटाळवाणे आहे, म्हणून कोणी करत नाही. दोन, राखीव जागेवर आपला माणूस जाईल तेव्हा त्याला ताळेबंद वाचता आला पाहिजे. गावोगावच्या विहारांत एमपीएससीचे वर्ग चालतात तसे सहकार कायद्याचे आणि हिशेबाचे वर्ग चालले पाहिजेत. तीन, आपल्या बायांच्या भिशीची, बचत गटाची नोंद जपावी. बाईने सात वर्षे एकही हप्ता चुकवलेला नाही, ही तिची पत आहे. ती कागदावर मांडून बँकेच्या टेबलावर ठेवणे हे आपले काम आहे.

अमेरिकेत शिकलेल्या आपल्या अभियंता बांधवांनाही एक विनंती. तिथे जातीविरुद्ध तुम्ही लढता, सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. तुमच्या गावातही अशी एखादी क्रेडिट युनियन असेल जिचे काउंटर मिश्टेक मजुरासाठी उघडे आहे. तिथे पंचवीस डॉलरचा शेअर घ्या आणि वार्षिक सभेला जा. ज्या माणसाला त्या देशात दुसरीकडे कुठेही मत नाही, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून एकदा हात वर करा. कोणाच्या बाजूने करायचा, हे तुम्हाला सांगावे लागणार नाही.

जय भीम!